पाणी उतरलं की

आई गेली तेव्हा बाबांनी पहिला विनोद तिच्या मातीच्या दिवशीच केला. बौद्धाचार्यांना यायला उशीर होत होता. अंगणात पांढऱ्या कपड्यांतली माणसं ताटकळत उभी होती, कोणी घड्याळ बघत होतं, कोणी उगाच खाकरत होतं. बाबा पायरीवरून म्हणाले, "जाऊ द्या. तिनं मले जलमभर थांबोलं. लग्नाले जाचं राहिलं का गाडी सुटून जाये, अन् हे आपली पदर खोसत बसे. आज पयल्यांदा टाइमावर तयार झाली, तं बौद्धाचार्यच लेट."

आधी एकजण फिसकला. मग अंगण हसलं. आत आईभोवती बसून रडणाऱ्या बायकासुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. मला बाबांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. हे मी लिहिते आहे कारण त्या दिवशी मला दुसरं काहीच वाटलं नाही. रडू आलं नाही, फक्त राग आला.

माझा स्वभाव आईचा. ताडकन बोलायचं आणि मग घटाघटा पाणी प्यायचं. भंडाऱ्यात एका सरकारी कार्यालयात मी खिडकीपाशी बसते. लोक मला घाबरून असतात आणि ते मला बरं वाटतं. बाबा अगदी उलटे. हाडाचे गवंडी, पण मिस्त्रीपेक्षा गप्पिष्ट म्हणूनच जास्त ओळखले जायचे. भिंत चढायची आणि गोष्टही चढायची. धरणाच्या पाण्यात आमचं गाव गेलं तेव्हासुद्धा सामान भरलेल्या ट्रॅक्टरवर बसून ते म्हणाले होते, "आतापर्यंत घागर घेऊन पान्याकडं जा लागे, आता पानीच घरी आलं."

पुण्यानुमोदनाचा विधी झाला. भेटायला येणारे येत राहिले. येताना तोंड पाडून यायचे आणि जाताना हसत जायचे. बाहेर पडताना मला दारात गाठून सांगायचे, "बाप मोठा खंबीर आहे वो तुझा." मी मान डोलवायची. आईच्या आजारपणावर, दवाखान्यातल्या त्या शेवटच्या तापावर, घरात एक शब्द निघत नव्हता. कोणी विषय काढला की बाबा त्याला गुदगुल्या करून बाहेर घालवायचे.

मी भंडाऱ्याला परतले. संध्याकाळी फोन करायचे.

"जेवले का बाबा?"

"जेवलो ना. दोघाचं शिजोलं, दोघाचं मीच खाल्लं. असंच चाललं तं खांदेकऱ्यायले जड जाईन."

मी फोन ठेवून द्यायची. असलं बोलणं ते आधीही करायचे, म्हणून पहिल्यांदा मला काही जाणवलं नाही. मग एके दिवशी म्हणाले, "शेळ्यायनं राजीनामा देल्ला." म्हणजे काय, तर दोन्ही शेळ्या शेजारच्या काकूंना देऊन टाकल्या होत्या. का, तर दूध प्यायला कोण आहे. बरोबर आहे, असं मी स्वतःला समजावलं. काही दिवसांनी कळलं की सायकल दिली. आणि मग गवंडीकामाची हत्यारं, थापी, गुण्या आणि ओळंबा.

ओळंबा म्हणजे भिंत सरळ चढते आहे की नाही ते बघायचं, दोरीला बांधलेलं वजन. बाबांचा ओळंबा पितळेचा, भंडाऱ्याच्या बाजारातून त्यांनी तरुणपणी आणलेला. लहानपणी मी त्याला हात लावला म्हणून मला एकदाच काय तो मार बसला होता. तो ओळंबा त्यांनी गावातल्या एका मिस्त्रीला देऊन टाकला.

"काऊन देल्ला?" मी फोनवर ओरडलेच.

"आता कोनती भिंत सरळ करतो मी? मीच वाकलो."

त्या रात्री मला झोप लागली नाही. आणि तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक बोलण्याच्या शेवटी येणारं एक वाक्य मला ऐकू यायला लागलं. ते आधीही येत असणार. कुठलाही विषय असो, शेवटी म्हणायचे, "पाहू. पानी उतरलं की जातो."

"कुठं?"

"घरी."

हे आमच्या गावचं खूळ आहे, ते सांगायला हवं. गोसीखुर्द धरणाचं पाणी पावसाळ्यात चढतं आणि आमचं जुनं गाव गिळतं. उन्हाळ्यात ते खाली जातं, आणि काठाकडच्या वस्तीची जोती उघडी पडतात. दारं, छपराचे कवेलू, लाकडं आम्ही उठताना घेऊन आलो होतो. राहिली ती नुसती जोती. तर पाणी उतरलं की आमची माणसं डबे बांधून तिकडे जातात आणि आपापल्या जोत्यावर बसून जेवतात. आणि तिथं एक नियम कडक पाळतात. भिंती नसल्या तरी दारातूनच यायचं. दार होतं तिथं उभं राहून आवाज द्यायचा, आतून "या" आलं की पाय आत टाकायचा. कोणी विसरून सरळ चालत आला की सगळीकडून ओरडा सुरू होतो, "भितीतून आला! भितीतून आला! भूत हाये का बे?" म्हातारी माणसं यावर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसतात. नवीन सुना बावरतात.

आमच्या घरी ह्यात आई पुढं असायची. गाळाने सगळी जोती सारखीच दिसायची, रस्ता नाही, एका निंबाच्या झाडाशिवाय खूण नाही, पण ती टिफिन घेऊन नाकासमोर चालायची ती थेट आपल्या चुलीच्या जागेवर जाऊन उभी राहायची. बाबा मागून पाण्याची कॅन घेऊन यायचे. जोत्यावर बसून ती आधी समोरच्या घराकडे बघून नाक मुरडायची. समोरची, एवढंच तिचं नाव आमच्या घरात होतं. आमच्या दोन घरांच्या मध्ये विहीर होती. दोन्ही घरं बाबांनीच बांधलेली, एका मापाची, एका दोरीनं आखलेली. फरक एवढाच की समोरचीकडे लाल कोबा होता. सिमेंटात लाल पूड घालून घोटलेला, आरशासारखा. आमच्याकडे राखाडी. लाल पूड संपली होती, असं बाबा सांगायचे. आईचा त्यावर शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. त्या कोब्यापायी दोघी बायका वीस वर्षं एका विहिरीचं पाणी भरून एकमेकींशी बोलल्या नाहीत. समोरची पुढं मुलाकडे नागपूरला गेली तरी आईचा राग गेला नाही.

तर बाबांना पाणी उतरायची घाई झाली होती. मी मात्र रोज पेपरात धरणाच्या पाण्याची बातमी शोधायची आणि पाणी भरपूर आहे असं वाचलं की मला बरं वाटायचं. त्या धरणात पाणी राहावं अशी इच्छा करणारी आमच्या गावची मी पहिलीच बाई असेन.

पाणी उतरायचं तेव्हा उतरलंच. लग्नसराईचे दिवस होते. शेजारच्या काकूंचा फोन मला ऑफिसात आला.

"बाई, पंधरा दिवस झाले, तुझा बाप रोज तिकडं जाऊन राहिला. सकाळी जाते, दिवस बुडता येते."

"जाऊ द्या ना काकू. घर पाहायले जात असन."

"घर पाहायले जाते का काय करते मले नाही मालूम. माया पोरगा मासोया धराले गेल्ता, त्यानं पाह्यलं. इहिरीच्या काठावर बसून रायते. आत पाह्यते. अन् बोलते."

"कोनाशी?"

"तेच तं."

खिडकीबाहेर उभ्या माणसाला मी उद्या या म्हणून सांगितलं. घरी नवऱ्याशी बोलले. तो भला माणूस आहे, पण त्याला प्रत्येक गोष्ट आपोआप नीट होईल असं वाटतं. म्हणाला, "एवढे जोक करतात बाबा. ज्याले मराचं असते तो जोक करते का?" त्या वाक्यानं मला बरं वाटायला हवं होतं. उलट अंगावर काटा आला, कारण तोपर्यंत 'मरायचं' हा शब्द माझ्या मनानेही उच्चारला नव्हता.

रविवारी पहिली एसटी पकडली. फाट्यावरून ऑटो. ऊन आत्ताच चावायला लागलं होतं. नव्या गावात, म्हणजे पुनर्वसनात, पोचले तर घराला कडी, कुलूप नाही. आत गेले. घर इतकं स्वच्छ मी आईच्या वेळीही पाहिलं नव्हतं. भांडी घासून पालथी घातलेली. गादी गुंडाळून दोरीनं बांधलेली. ओट्यावर एक थेंब नाही. खिडकीत त्यांचा चष्मा आणि घड्याळ शेजारी शेजारी ठेवलेलं. चष्म्याशिवाय बाबांना दहा पावलांवरचा माणूस ओळखू येत नाही. मी तो चष्मा हातात घेऊन क्षणभर तिथंच बसले आणि मग पळतच बाहेर पडले.

जुन्या गावाकडे जाणारा डांबरी रस्ता अजून आहे. तो उतरत उतरत जातो आणि एका जागी सरळ पाण्यात शिरतो, पुढं गाव आहे असं समजून. तिथून डावीकडे गाळातून चालत जावं लागतं. गाळ वरून वाळलेला, पाय टाकला की खाली मऊ. सगळीकडे शिंपले आणि मेलेल्या माशांचा वास. पाण्यात मेलेली झाडं उभी होती, साल गेलेली, पांढरी. बेशरमाच्या झुडपांमागे काहीतरी सळसळलं आणि माझ्या तोंडून किंकाळी निघाली. कुत्रं होतं. त्या दिवशी तिथं दुसरं कोणी नव्हतं. दुसऱ्या गावाला लग्न होतं, सगळे तिकडे गेले होते. बाबांनी लग्न सोडलं होतं. जेवणावळ सोडणारा माणूस नाही तो.

लांबून मला विहीर दिसली, आणि विहिरीच्या काठावर कोणी नव्हतं.

मी हाक मारली. आवाज पाण्यावरून गेला आणि परत आला नाही. मी चप्पल हातात घेऊन धावले. विहिरीशी पोचेपर्यंत माझ्या तोंडातून काय काय निघत होतं ते मला आठवत नाही. नुसतं "बाबा, बाबा" असणार. आणि तेवढ्यात मागून आवाज आला.

"भितीतून आली!"

मी वळले. बाबा विहिरीअलीकडच्या जोत्यावर कोपऱ्यात मांडी घालून बसले होते. समोर डबा. डोक्याला दुपट्टा. मी धावताना त्या जोत्याच्या मधून आरपार गेले होते आणि ते मला दिसलेही नव्हते.

"भूत हाये का वो बाई?" ते म्हणाले, आणि हसले.

मी त्यांच्यासमोर जाऊन चष्मा जोत्यावर आपटला. फुटला नाही, हे नशीब. मग मी जे सुरू केलं ते आईला शोभलं असतं. घर कसं सोडून आलात, चष्मा कसा ठेवून आलात, ओळंबा का दिला, शेळ्या का दिल्या, मला काय समजता, मेलेल्या माणसाच्या नावानं लोकांना हसवता, लाज नाही वाटत? ते ऐकत होते. मध्येच म्हणाले, "डबा खा. आलू-वांगं हाये. मीठ जास्त झालं, पन तू आज मीठच खाऊन आली दिसते."

मला रागानं रडू येणार होतं, पण तेही आलं नाही. मी खाली बसले आणि काहीतरी करायचं म्हणून चपलेच्या टाचेनं जमिनीवरचा वाळलेला गाळ खरवडत राहिले. खपली निघत होती, बाजूला पडत होती. आणि खपलीखाली रंग दिसला.

मी थांबले. अजून थोडं खरवडलं. बाबांच्या बाटलीतलं पाणी ओतलं, हातानं पुसलं.

"बाबा."

"हं."

"हे लाल हाये."

त्यांनी चष्मा उचलला, घातला. वाकून पाहिलं. बोटानं पुसून पाहिलं. त्यांचा स्वतःचा हात फिरलेला कोबा होता तो, घोटून घोटून गुळगुळीत केलेला, इतकी वर्षं पाण्याखाली राहून भेग नव्हती.

"समोरचीचं घर," मी म्हणाले.

"हो."

"तुमी पंधरा दिवस झाले समोरचीच्या चुलीपाशी बसून राहिले?"

"हो नं वो."

"अन् आईशी बोलून राहिले?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला. म्हणाले, "आपल्या धम्मात आत्मा नाही म्हनून बचावलो बाई. असता, तं उठून आली असती. वीस वर्ष बोलली नाही थिच्याशी, अन् मी थिच्या चुलीवर बसून हिच्यासाठी रडून राहिलो."

आणि ते हसायला लागले. मीही. आम्ही दोघं त्या उघड्या जोत्यावर असे हसलो की पाण्यावरचे बगळे उडाले. मला आई स्पष्ट दिसत होती, कमरेवर हात ठेवून, विहिरीपलीकडे आपल्या राखाडी जोत्यावर उभी. मला बोलताच येईना. आणि मग माझ्या लक्षात आलं की बाबांचा आवाज बदलला आहे. ते अजून तसेच हलत होते, पण ते हसणं नव्हतं. दुपट्टा तोंडात कोंबून ते रडत होते, लहान मूल रडतं तसं, श्वास अडकून.

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग जे मनात होतं तेच बोलले.

"बाबा, तुमी जीव द्यायचा विचार करून राहिले होते का?"

असं काही आपल्या बापाला विचारायचं असतं हे मला कोणी शिकवलं नव्हतं. शब्द तोंडातून निघाले आणि मला वाटलं, आता काहीतरी फुटेल. काही फुटलं नाही. बाबांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं.

"पयल्या दिवशी त्याच्यासाठीच आल्तो," ते म्हणाले. अगदी साध्या आवाजात. "इहिरीत पाह्यलं तं पानीच नाही. सारा गाळ. म्या म्हनलं, यात पडलो तं मरनार नाही, कमरेइतका रुतून बसीन. मंग बोंबलत बसा लागन. मंग तू येशीन अन् वरूनच झाडशीन. त्याच्यापक्षा घरी जावं म्हनलं."

मला हसू आलं आणि त्याचीच भीती वाटली.

"मंग दुसऱ्या दिवशी काऊन आले?"

"तिच्याशी बोलाले. घरी बोललो तं काकू ऐकते. भाजीत मीठ किती टाकाचं हे सांगून गेली नाही, ते इचारलं. दवाखान्यात म्या तिले म्हनलं होतं, नाटकं नको करू, उद्या सुट्टी होते. ते बोलनं वापस घ्याचं होतं." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "रोज येताना वाटे, आज करतो. अन् आलो की बोलन्यात दिवस जाये."

"कोनाले सांगितलं काऊन नाही?"

"कोनी इचारलं? लोकं आले, म्या हासवलं, लोकं खुश होऊन गेले. हासनाऱ्याले कोनी इचारत नाही बाई."

मी रोज विचारायची ते जेवणाचं.

ऊन चढत होतं. विहिरीकडे माझी नजर जात नव्हती, आणि ती तिथं आहे हे विसरताही येत नव्हतं. मी उठले. "चला. आपल्या घरी जाऊ."

"तू चाल पुढं," बाबा म्हणाले. "दर साल तुयी माय पुढं चाले, मी मांगून. मले रस्ता पाहाची आदतच नाही. मधातलं निंबाचं झाड पडलं, अन् मी भुललो."

मी पुढं चालले. विहिरीला वळसा घालून आमच्या जोत्याशी गेले, आमचं दार जिथं होतं तिथं थांबले आणि मागे पाहिलं. "या," मी म्हणाले. बाबा पायरीच्या जागेवरून आत आले. मी पुन्हा टाच घासली. खाली राखाडी कोबा निघाला, खडबडीत.

बाबा त्याच्याकडे पाहत म्हणाले, "पूड खरंच संपली होती वो."

आम्ही आईच्या चुलीच्या जागी बसून खारट आलू-वांगं खाल्लं. आणि तिथंच मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. मी रोज संध्याकाळी विचारणार, आज तसा विचार आला का. खरं सांगायचं.

"मंग जोक नाही माराचा का?"

"मारा. पन आधी उत्तर, मंग जोक."

"हा तुया ऑफिसाचा नियम दिसते," ते म्हणाले, पण हो म्हणाले.

त्यानंतर सगळं गोड झालं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. मी त्यांना भंडाऱ्याला डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी विचारलं, झोप लागते का. बाबा म्हणाले, "तुमच्या बाहेरच्या बाकावर चांगली लागली." ते माझ्याकडे राहायला तयार नव्हते. म्हणून मी काकूंना सगळं सांगितलं, लपवलं नाही. काकू आधी रडल्या, मग रागावल्या, मग दोन्ही शेळ्या परत आणून आमच्या अंगणात बांधल्या. म्हणाल्या, "राजीनामा मंजूर नाही."

मी रोज विचारायची. बहुतेक दिवस उत्तर यायचं, "आज नाही," आणि त्यामागून काहीतरी टवाळी. पण प्रश्न विचारल्यापासून उत्तर येईपर्यंतचा जो वेळ असायचा त्याची मला कधीच सवय झाली नाही. पोळी तव्यावर करपायची. पावसाळ्यात धरण भरायला लागलं, जोती पुन्हा पाण्याखाली गेली, विहीर आता काठोकाठ भरली असेल असं नको ते मनात यायचं. आणि एका संध्याकाळी मी विचारलं तर बाबा म्हणाले, "आज हो." पुढं जोक नाही. बाहेर पाऊस कोसळत होता. मी काकूंना फोन केला आणि नवऱ्याच्या मोटरसायकलवर भिजत गेले. पोचलो तेव्हा काकूंनी त्यांना समोर बसवून लसूण सोलायला लावला होता. ढीगभर सोलून झाला होता. त्यांच्या हाताला उसंत नव्हती. मला बघून म्हणाले, "ह्या बाईनं मले जित्ता ठेवला तं फक्त लसनासाठी." मी त्यांच्या शेजारी बसून सोलायला लागले. पुढचे काही दिवस मी तिथंच राहिले.

आता वर्ष होत आलं आहे. धान घरी आलं. आईच्या पुण्यस्मरणाची तयारी सुरू आहे. त्या मिस्त्रीनं ओळंबा आपणहून आणून दिला, बाबांनी तो खिळ्याला टांगला आहे. परवा संध्याकाळी नेहमीसारखा फोन लावला. कुकर गॅसवर होता, माझी मुलगी अभ्यासाला बसली होती.

"आज?"

"आज नाही. काल बी नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "अन् तुयं?"

"माझं काय?"

"माय तं तुयी बी मेली. तुले कोनी इचारलं का?"

मी हसले. पटकन म्हणाले, "मले कोन इचारते बाबा? खिडकीत बसते मी, लोकायले मीच इचारते..."

"आधी उत्तर," बाबा म्हणाले.

कुकरची शिट्टी झाली. दुसरी झाली. मी गॅस बंद केला नाही. मुलगी आतून ओरडली, आई, कुकर. मी ओट्याला धरून खाली फरशीवर बसले आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा मला रडू फुटलं. फोन कानाला तसाच होता. पलीकडे बाबा एकही जोक करत नव्हते. मध्येच एवढंच म्हणाले, "रड. मी हाओ इथं."